अलार्म वाजतात, तरी अभ्यास उद्यावरच का जातो?

पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: "प्रोजेक्टचा रिपोर्ट लिहायला बसावं म्हणून मी फोनवर दिवसाला चार-पाच रिमाइंडर लावले आहेत. टेबलावर चिठ्ठ्या चिकटवल्या आहेत. आई वेगळी आठवण करून देते. तरी रोज पुढे ढकलते. काही बारीकसारीक गोष्टी तर खरोखरच विसरते. गाइडनाही बरेच दिवस भेटले नाही. माझी स्मरणशक्ती कमी झाली आहे का? हल्ली असं वाटतं की मला काही जमतच नाही. एखादं चांगलं रिमाइंडर अ‍ॅप सुचवाल का?"

उत्तर:

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. नवं अ‍ॅप नको. आहेत त्यातलेही बहुतेक रिमाइंडर आजच काढून टाक. विसरतेय म्हणून मदत मागितली आणि ही बाई आठवणीची साधनंच काढून घ्यायला सांगतेय, असं तुला वाटेल. पण तू जे लिहिलं आहेस त्यात विसरण्याचा भाग फार थोडा आहे. उरलेल्या भागावर रिमाइंडरचा उपयोग होत नाही, आणि कधी कधी तर त्यानेच दुखणं वाढतं. विद्यार्थ्यांचं समुपदेशन करताना हे इतक्यांदा पाहिलंय की हल्ली कुणी चालढकलीबद्दल बोलायला लागलं की मी आधी त्यांच्या फोनमधली रिमाइंडरची यादी बघायला मागते. अर्धं निदान तिथेच होतं.

एक साधी परीक्षा करून बघ. पुढचा रिमाइंडर वाजेल तेव्हा मनात सगळ्यात आधी काय येतं ते पकड. "अरे देवा, हे तर डोक्यातून पारच गेलं होतं" असं आलं, तर ते विसरणं. "हो हो, माहितेय" असं आलं आणि सोबत पोटात बारीक गोळा आला, तर प्रश्न आठवणीचा नाहीच. परीक्षेचा फॉर्म, लायब्ररीचं पुस्तक, मैत्रिणीला पाठवायच्या नोट्स या गोष्टी आपण खरोखर विसरतो. रिपोर्ट कुणी विसरत नाही. तो आंघोळ करताना आठवतो, सिरीज बघताना आठवतो, रात्री दिवा मालवल्यावर तर हमखास आठवतो. जी गोष्ट दिवसभर पाठ सोडत नाही, तिची आठवण करून द्यायला पाच अलार्म कशाला?

स्मरणशक्तीची काळजी मात्र आधी मिटवते. शिकलेलं आठवणं आणि ठरवलेलं ऐन वेळी आठवणं, ही मेंदूची दोन निरनिराळी कामं आहेत. अख्खा धडा पाठ असणारी मुलगी फॉर्म भरायला विसरू शकते. आइन्स्टाइन आणि मॅकडॅनियल (हे आइन्स्टाइन मानसशास्त्रातले, वेगळे) यांनी १९९० साली या दुसऱ्या कामाचे दोन प्रकार मांडले. काही गोष्टी एखादी घटना घडली की करायच्या असतात: सर भेटले की सही घ्यायची. काही नुसत्या वेळेवर करायच्या असतात: साडेचारला मेल पाठवायचा. दुसरा प्रकार सहसा अवघड जातो, कारण साडेचार वाजले हे सांगणारं आजूबाजूला काहीच नसतं, घड्याळाकडे आपलं आपणच बघावं लागतं. रिमाइंडर नेमकी हीच उणीव भरून काढतो. साडेचारची वेळ तो "फोन वाजला" या घटनेत बदलून टाकतो. हे काम तो उत्तम करतो. म्हणून फॉर्म, फी, पुस्तक, भेटीची वेळ यांचे रिमाइंडर खुशाल ठेव.

आणि विसरभोळेपणाबद्दल स्वतःला फार दोष देऊ नकोस. उलट आपण सगळेच स्वतःच्या आठवणीवर जरा जास्तच भरवसा ठेवतो. अर्थशास्त्रज्ञ कीथ एरिक्सन यांचा २०११ मधला एक प्रयोग मला फार आवडतो. सहभागी लोकांना काही महिन्यांनी एक ईमेल पाठवून आपले पैसे मागून घ्यायचे होते. विसरले तर पैसे गेले. लोकांनी केलेल्या निवडींवरून हिशेब काढला तर त्यांना आपण ईमेल पाठवू याची ७६ टक्के खात्री होती. प्रत्यक्षात पैसे मागितले ५३ टक्के लोकांनी. गंमत म्हणजे काम नकोसं नव्हतं, हातात पैसेच पडणार होते. तरी निम्म्याच्या आसपास लोक चुकले.

याच एरिक्सन यांनी २०१७ मध्ये विसरणं आणि चालढकल एकत्र आल्यावर काय होतं याचं एक गणिती प्रारूप मांडलं. त्यातला एक मुद्दा मला रोजच्या कामात वारंवार दिसतो. आपण विसरू अशी धास्ती ज्याला असते तो कधी कधी काम तिथल्या तिथे उरकतो, "नंतर राहून जाईल, आत्ताच करून टाकते" म्हणत. म्हणजे कमकुवत आठवण त्याच्यासाठी एक प्रकारची सक्ती ठरते. रिमाइंडर हाताशी आला की ती सक्ती जाते. पुढे ढकलणं सुरक्षित होतं. शिवाय ज्याला चालढकलीची सवय आहे तो रिमाइंडर लावायचं कामसुद्धा पुढे ढकलतो, हेही त्या प्रारूपातून निघतं. ते वाचून मला हसू आलं होतं, कारण "या रविवारी सगळं नीट प्लॅन करणार आहे" हे वाक्य मी कितीदा ऐकलं असेल याची गणतीच नाही.

ते सुरक्षित होणं कसं दिसतं ते बघ. लेक्चर संपताना सर सांगतात, संदर्भांची यादी मला मेल करा. यादी तयार आहे, फोन हातात आहे, पाठवायला दोन मिनिटं पुरतील. पण अंगठा मेलकडे जात नाही, घड्याळाच्या चिन्हाकडे जातो. "रात्री ८, यादी पाठवणे." सेव्ह. आणि लगेच छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटतं. काम झालेलं नाही, पण झाल्याचं निम्मं समाधान मात्र मिळालं. रात्री आठला फोन वाजतो तेव्हा तू दुसऱ्याच कशात तरी असतेस, आणि यादीत एक दुरुस्ती करायची होती हेही आता आठवतं. रिमाइंडर लावण्याआधी एकदा स्वतःला विचार: हे आत्ता होण्यासारखं आहे का? असेल तर रिमाइंडर लावायचा नाही.

आता मुख्य रोगाकडे येऊ. चालढकल हा बऱ्याच अंशी भावनेचा मामला आहे. वेळेच्या नियोजनाचा त्यात वाटा आहे, पण लोक समजतात तेवढा नाही. फुशिया सिरोइस आणि टिमथी पिचिल यांनी २०१३ मध्ये हे नीट मांडलं: काम समोर आलं की मनात काहीतरी नकोसं उठतं. कंटाळा, भीती, गोंधळ, लाज. आपण काम टाळतो तेव्हा खरं तर ते नकोसं वाटणं टाळतो, आणि क्षणभर बरं वाटतं. त्याची किंमत मग पुढच्या आठवड्यातली आपण मोजते.

या चौकटीत तुझा रिमाइंडर बसवून बघ. संध्याकाळी सात वाजता स्क्रीनवर अक्षरं येतात: "रिपोर्ट!!!" तीन उद्गारचिन्हं तूच घातलेली. त्या एका शब्दात काय करायचं ते कुठेच नाही. कुठली फाइल, कुठलं प्रकरण, किती वेळ, काही नाही. आहे तो फक्त ओरडा. नकोसं वाटणं उसळून वर येतं, अंगठा "स्नूझ" वर जातो, आवाज बंद होतो, हायसं वाटतं. हे हायसं वाटणं म्हणजे बक्षीस आहे, आणि ज्या कृतीनंतर बक्षीस मिळतं ती कृती पक्की होत जाते. महिनाभर दिवसातून पाच वेळा तू सराव केला आहेस तो रिपोर्ट लिहिण्याचा नाही, अलार्म बंद करण्याचा. त्यात तू आता तरबेज झाली असशील.

शिवाय प्रत्येक आवाज लक्ष ओढतो ते वेगळंच. स्टोथार्ट आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये दाखवलं की फोनला हातही न लावता नुसती नोटिफिकेशन आली तरी एकाग्रतेच्या कामात चुका वाढतात. म्हणजे तू एखादा दुसरा विषय खरोखर मन लावून वाचत असशील तर "रिपोर्ट!!!" तोही बिघडवतो.

तुझ्या प्रश्नातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य "मला काही जमतच नाही" हे आहे, आणि त्याचा रिमाइंडरशी थेट संबंध आहे.

अल्बर्ट बॅन्ड्युरा यांनी १९७७ मध्ये सेल्फ-एफिकसीची कल्पना मांडली. अमुक एक काम मी पार पाडू शकेन, हा विश्वास. एकंदर आत्मसन्मान वेगळा. हा विश्वास कामागणिक बदलतो. गाण्यात असतो, गणितात नसतो. तो कुठून येतो याची त्यांनी चार उगमस्थानं सांगितली: स्वतः करून दाखवल्याचा अनुभव, आपल्यासारख्या इतरांना करताना पाहणं, दुसऱ्यांचे प्रोत्साहनाचे शब्द, आणि शरीर-मनाची त्या वेळची अवस्था. यात सगळ्यात वजनदार पहिलं. "तू करशील गं, हुशार आहेस" हे आईचं वाक्य तिसऱ्या क्रमांकावर येतं, आणि पहिल्या क्रमांकावरचा पुरावा विरुद्ध असेल तर ते टिकत नाही.

आता हा पहिल्या क्रमांकाचा पुरावा असतो कुठे? आठवणीत. "मला जमतं का?" असं स्वतःला विचारलं की मन मागचे प्रसंग चाळतं आणि उत्तर देतं. तुझ्या मनाला चाळायला काय मिळतं? दिवसाला चार-पाच वेळा ठरवलं आणि केलं नाही, ठरवलं आणि केलं नाही. रिमाइंडर नसता तर दिवसाकाठी एकदाच "आज राहिलंच" अशी नोंद झाली असती. आता पाच होतात. प्रत्येक स्नूझ म्हणजे स्वतःला दिलेला आणि मोडलेला एक शब्द. क्लासेन, क्रॉचक आणि रजानी यांच्या २००८ मधल्या अभ्यासात विद्यार्थ्यांच्या चालढकलीशी सगळ्यात घट्ट नातं दिसलं ते एका विशिष्ट विश्वासाचं: आपण स्वतःला अभ्यासाला लावू शकतो, हा विश्वास. विषय येतो का, हा प्रश्न मागे पडतो. मी मला बसवू शकते का, हा पुढे येतो. आणि तुझे अलार्म नेमका तोच विश्वास रोज पाच वेळा पोखरतात. तो कमी झाला की चालढकल वाढते, ती वाढली की आणखी अलार्म लागतात.

यात आणखी एक खाच आहे. आठवण हा प्रामाणिक साक्षीदार नाही. नॉर्बर्ट श्वार्ट्झ आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये लोकांना, आपण ठामपणे वागलो असे प्रसंग आठवायला सांगितले. काहींना सहा, काहींना बारा. बारा आठवणाऱ्यांकडे पुरावा दुप्पट, तेव्हा त्यांनी स्वतःला जास्त ठाम म्हणायला हवं होतं. झालं उलट. सहा प्रसंग पटकन सुचतात, बारा आठवताना दमछाक होते, आणि मन त्या दमछाकीचा अर्थ लावतं: "एवढं शोधावं लागतंय म्हणजे मी काही तशी नाही." किती आठवलं यापेक्षा किती सहज आठवलं याला मन जास्त भाव देतं.

यातून दोन गोष्टी निघतात. रात्री अंथरुणावर पडल्यावर मागची सगळी बुडवलेली कामं भराभर आठवतात. ती भराभर आठवतात म्हणून "मी अशीच आहे" हे खरं वाटतं. पण ती ताजी आहेत आणि बोचरी आहेत म्हणून आठवतात, एवढाच त्याचा अर्थ. दुसरं, आत्मविश्वास वाढवायला "तुमच्या वीस यशांची यादी करा" असा सल्ला सर्रास दिला जातो. तुझ्यासारख्या अवस्थेतल्या मुलीला मी तो कधीच देत नाही. सातव्या यशावर गाडी अडते आणि वीसपर्यंत पोचेतो खात्री पटते की आपल्या पदरात काही नाही. दोन आठव. फार तर तीन. पण तपशिलासकट: कुठे बसली होतीस, काय अडलं होतं, ते कसं सोडवलंस.

मग करायचं काय? रिपोर्टसाठी दिवसाला एकच रिमाइंडर ठेव आणि त्याचा मजकूर बदल. पीटर गोल्विट्झर आणि ब्रँडश्टेटर यांनी १९९७ मध्ये विद्यार्थ्यांना नाताळच्या सुट्टीत ४८ तासांच्या आत एक छोटा अहवाल लिहून पाठवायला सांगितला. त्यातल्या अर्ध्यांकडून तो कधी आणि कुठे बसून लिहिणार हे आधी लिहून घेतलं. त्यांच्यापैकी दोन तृतीयांशांहून अधिक जणांनी वेळेत पाठवला. बाकीच्यांपैकी सुमारे एक तृतीयांश जणांनी. इच्छा दोन्हीकडे होतीच. पुढे २००६ मध्ये गोल्विट्झर आणि शीरन यांनी अशा ९४ चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हाही "अमुक झालं की मी तमुक करीन" या साच्यात केलेल्या निश्चयाचा परिणाम चांगलाच भरीव निघाला.

तेव्हा "रिपोर्ट!!!" खोडून असं लिही: "घरी येऊन बॅग ठेवली की खुर्चीत बसून तिसऱ्या प्रकरणाची फाइल उघडायची आणि तक्ता २ मध्ये काय दिसतं ते दोन ओळींत लिहायचं." लांबलचक वाटतंय ना? असू दे. त्यात प्रसंग आहे, जागा आहे, आणि इतकी लहान कृती आहे की तिची भीती वाटणं अवघड जाईल. वाजण्याची वेळ तू बॅग ठेवतेस त्याच्या आसपासची ठेव. तू बसमध्ये उभी असताना वाजणारा रिमाइंडर फक्त अपराधी वाटायला लावतो, कारण त्या क्षणी तुझ्या हातात करण्यासारखं काही नसतं.

टेबलावरच्या चिठ्ठ्या काढ. आठवड्याभरात चिठ्ठी भिंतीचा रंग होऊन जाते, नजर तिच्यावरून घसरते. टॉड रॉजर्स आणि कॅथरिन मिल्कमन यांनी २०१६ मध्ये दाखवलं की नेहमीच्या दृश्यात न बसणारी, वेगळी उठून दिसणारी वस्तू आठवणीसाठी जास्त कामी येते. म्हणून चिठ्ठीऐवजी तक्ता २ चा प्रिंट लॅपटॉपच्या कीबोर्डवर पालथा घालून ठेव. तो उचलल्याशिवाय काही टाइपच करता येणार नाही, आणि उचलला की काम हातात आलेलंच असेल.

ठरवलेलं डोक्यात सारखं घोळतं, त्यावरही याच पद्धतीचा उतारा आहे. मासिकाम्पो आणि बाउमाइस्टर यांच्या २०११ मधल्या प्रयोगांत, अपुऱ्या कामाचे विचार दुसऱ्या कामात लुडबुड करत होते. पण त्या कामाची नेमकी योजना करायला लावल्यावर, काम अजून झालेलं नसतानाही, लुडबुड थांबली. तेव्हा रात्री दिवा मालवल्यावर रिपोर्ट आठवला तर उठून उद्या कधी, कुठे, काय, हे एका ओळीत लिही आणि झोप. फक्त त्या ओळीत वेळ आणि जागा हवीच. "उद्या नक्की करायचं" ही योजना नाही.

किती वेळ लागेल याचा अंदाज तुझ्या मनावर सोडू नकोस. ब्यूहलर, ग्रिफिन आणि रॉस यांनी १९९४ मध्ये प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं, कधी पुरा होईल? सरासरी उत्तर आलं सुमारे ३४ दिवस. लागले ५५ च्या वर. सांगितलेल्या मुदतीत पुरा केला जेमतेम तीस टक्क्यांनी. मागच्या वेळीही उशीर झाला होता हे यांना ठाऊक नव्हतं असं नाही. अंदाज करताना त्यांनी ते विचारातच घेतलं नाही. आपली आठवण स्वतःला दोष देताना मागचं सगळं काढते आणि वेळापत्रक करताना मात्र गप्प बसते, ही तिची मोठीच खोड आहे.

त्यासाठी एक नोंदवही ठेव. रोज रात्री एकच ओळ: काय सुरू केलं, किती वाजता, किती वेळ चाललं. काय राहिलं ते लिहायचं नाही. ते तुला आठवतंच, त्यासाठी वही लागत नाही. आठवणीतून निसटतात त्या लहान सुरुवाती. "७.१०, तक्ता २, दोन ओळी, १५ मिनिटं." आठ-दहा दिवसांनी या वहीचे दोन उपयोग दिसतील. पुढच्या प्रकरणाला किती वेळ लागेल हे अंदाजपंचे सांगावं लागणार नाही. आणि "मला जमतं का?" या प्रश्नावर मनाला चाळायला तारीखवार पुरावा असेल. बॅन्ड्युरा आणि शंक यांनी १९८१ मध्ये गणितात मागे पडलेल्या मुलांना वजाबाकीची ४२ पानं दिली. काहींना सांगितलं, दर बैठकीला सहा पानं; काहींना, सात बैठकींच्या शेवटी सगळी. काम तेच, वेळ तोच. सहा-सहा पानांवाली मुलं शिकली जास्त आणि आपल्याला जमतं हा विश्वासही त्यांचाच जास्त वाढला. लांबचं एकच मोठं ध्येय ठेवलेल्यांना, काहीच ध्येय नसलेल्यांपेक्षा फारसा फायदा झाला नाही.

बसलेल्या कामातून उठायचं कुठे, हेही महत्त्वाचं आहे. अडलं म्हणून वैतागून उठलीस तर उद्या आठवणार तो वैताग, आणि त्या आठवणीकडे पाय वळत नाहीत. पुढे काय लिहायचं ते माहीत आहे अशा जागी थांब आणि पुढच्या वाक्याचे दोन शब्द टाइप करून ठेव. अर्धवट सोडलेल्या कामाकडे माणूस परत ओढला जातो हे मारिया ओव्सियांकिना यांनी १९२८ मध्येच दाखवलं होतं. पण त्यासाठी ते काम सुरू झालेलं असावं लागतं. न उघडलेली फाइल कुणाला ओढत नाही.

परीक्षेच्या अभ्यासाबद्दल तू विचारलं नाहीस, तरी जाता जाता: नोट्स पुन्हा पुन्हा वाचून येणाऱ्या आत्मविश्वासावर जाऊ नकोस. रोडिगर आणि कार्पिकी यांच्या २००६ मधल्या प्रयोगात वारंवार वाचणाऱ्यांना आपल्याला छान आठवेल अशी जास्त खात्री होती, आणि आठवड्याने त्यांनाच कमी आठवलं. ज्यांनी पुस्तक मिटून स्वतःची परीक्षा घेतली त्यांना जास्त. मिटून आठवण्याचा सराव आधी नाउमेद करतो, म्हणून मुलं तो टाळतात.

आतापर्यंत वाया गेलेल्या दिवसांबद्दल स्वतःला झोडपणं थांबव. हे मी केवळ समजूत घालायला म्हणत नाही. वोल, पिचिल आणि बेनेट यांनी २०१० मध्ये पहिल्या वर्षाच्या ११९ विद्यार्थ्यांचा मागोवा घेतला. पहिल्या परीक्षेआधी चालढकल केल्याबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांची पुढच्या परीक्षेच्या वेळची चालढकल कमी झाली. स्वतःवरचा राग त्या कामाला चिकटतो, मग काम आणखी नकोसं होतं.

आईला मात्र एक विनंती कर, आणि ती चांगल्या वेळी, भांडणानंतर नको. "रिपोर्ट झाला का?" या प्रश्नाला तुझ्याकडे "नाही" एवढंच उत्तर असतं, आणि ते दर वेळी तुलाच ऐकावं लागतं. तिला सांग, "आई, तू दिवसातून एकदाच विचार, आणि विचार की आज किती वाजता बसणार आहेस." याचं उत्तर देताना तुला वेळ ठरवावी लागते. आईची काळजीही तिला वाव मिळाल्याने थोडी निवते.

आणि ज्या गोष्टी तू खरोखर विसरतेस त्यांचं प्रमाणही नीट बघ. सॅम गिल्बर्ट आणि सहकाऱ्यांच्या २०२० मधल्या प्रयोगांत लोक गरजेपेक्षा जास्त रिमाइंडर वापरताना दिसले, आणि त्याचं एक कारण म्हणजे स्वतःच्या आठवणीवरचा अविश्वास. तुझंही तसंच होत असेल. रोजच्या ठरलेल्या दोन-तीन गोष्टी रिमाइंडरशिवाय करून बघ; बहुतेक वेळा आठवतील, आणि तो पुरावा फुकट मिळेल.

एक शंका मात्र मोकळी सोडता येत नाही. लहानपणापासूनच वस्तू हरवणं, सांगितलेलं विसरणं, आवडीच्या कामातही लक्ष न टिकणं असं असेल, किंवा गेल्या काही आठवड्यांत झोप, भूक बिघडली असेल, कशातच मन रमत नसेल, तर वर सांगितलेल्या युक्त्या पुरणार नाहीत. एडीएचडी (लक्ष न टिकण्याचा विकार) किंवा नैराश्य यांचं निदान मानसोपचारतज्ज्ञांसारखे तज्ज्ञच करू शकतात. जाताना ती नोंदवही सोबत ने. "मी फार आळशी झालेय" यापेक्षा तीन आठवड्यांच्या नोंदी त्यांच्या जास्त उपयोगी पडतील.

आता ते वाक्य, जे तू मध्येच घालून पुढे निघून गेलीस: "गाइडनाही बरेच दिवस भेटले नाही." माझा अनुभव सांगतो, गाठ इथे आहे. रिपोर्ट उघडला की गाइड आठवतात, गाइड आठवले की "इतके दिवस कुठे होतीस?" हा प्रश्न ऐकू येतो, आणि फाइल बंद होते. फोन "रिपोर्ट" म्हणून ओरडतो आणि भीती वाटते भेटीची. हे दोन्ही जोडलेले असताना तक्ता २ च्या दोन ओळीही जड जातील. म्हणून सगळ्यात आधी मेल कर, रिपोर्ट पुरा व्हायची वाट न बघता. चार वाक्यं पुरे: "सर, मधल्या काळात माझं काम थांबलं होतं, त्याबद्दल दिलगीर आहे. पहिली दोन प्रकरणं कच्ची तयार आहेत, तिसऱ्यात तक्त्यांचं विश्लेषण बाकी आहे. या आठवड्यात पंधरा मिनिटं भेटता येईल का? येताना तिसऱ्या प्रकरणाचं जे काही झालं असेल ते घेऊन येईन." प्रकरणांचा तपशील तुझा खरा असेल तो घाल, कारणांचा पाढा वाचू नकोस. गाइडनी असे मेल पुष्कळ पाहिलेले असतात. वाईटात वाईट म्हणजे दोन शब्द ऐकावे लागतील. या मेलसाठी रिमाइंडर लावू नकोस, हे वाचून झालं की लगेच पाठव.